चवदार तळ्याचा दावा आणि बॅरिस्टर आंबेडकर

कायदा आणि शिक्षण यांच्या परस्परसंबंधांचा विचार करणारी परिषद महाड येथे भरत असता डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या वकिलीचे आणि अध्यापनाचे स्मरण ओघानेच येते. परंतु २० मार्च १९२७ च्या चवदार तळे सत्याग्रहाची हकिगत मुखोद्गत असणाऱ्यांनाही त्या तळ्यावरून पुढे जवळजवळ दहा वर्षे चाललेल्या दिवाणी दाव्याची फारशी माहिती नसते, आणि नागरी हक्कांचे वकील म्हणून आंबेडकरांची खरी ओळख त्या दाव्यातूनच पटते.

१९२३ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या त्यांच्या वकिलीला आरंभी पुरेशी प्राप्ती नव्हती, म्हणून बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्र संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवीत. पुढे ‘देशाचे दुश्मन’ पुस्तकाच्या खटल्यात आणि १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावरील खटल्यात त्यांनी आरोपींची बाजू मांडली. लोकांना न रुचणाऱ्या मतालाही वकील मिळाला पाहिजे, ही त्यांची भूमिका त्यातून दिसते.

महाडच्या दाव्यात मात्र ते स्वतःच प्रतिवादी, म्हणजे ज्यांच्यावर दावा लावला गेला ते पक्षकार होते. तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता, पण तो कागदावरच राहिला. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथेच भरलेल्या सत्याग्रहींच्या दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर काही सवर्ण रहिवाशांनी तळे खाजगी असल्याचे सांगून न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम, म्हणजे अंतिम निकालापर्यंत विशिष्ट कृती करू नये असा आदेश, मिळविला. हजारो लोक जमलेले असताना आंबेडकरांनी तो हुकूम पाळावयाचा असे ठरविले; त्यास माघार म्हणणाऱ्यांनी पुढचा निकाल वाचलेला नसतो. महाडच्या न्यायालयात १९३१ मध्ये आणि ठाण्याच्या अपिलात १९३३ मध्ये वादी हरले, आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयानेही त्यांचे अपील फेटाळले. निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड हे १९२२ मध्ये अहमदाबाद येथे गांधीजींना शिक्षा सुनावणारे न्यायाधीश होत, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे. अस्पृश्यता न्याय्य की अन्याय्य, यावर न्यायालयाने निर्णय दिला नाही. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची वादींनी सांगितलेली वहिवाट, म्हणजे दीर्घकाळ चालत आल्यामुळे हक्काचे रूप घेणारा प्रघात, अनादी काळापासून चालत असल्याचे सिद्ध झाले नाही, एवढ्यावर निकाल लागला. रूढीला नैतिक आव्हान द्यावयाचे ते सभेत दिले गेले, आणि न्यायालयात मात्र तिच्याकडे पुरावा मागितला गेला. अशी कामाची वाटणी करता येणे ही वकिली कौशल्याची परिसीमा होय.

हे अपील प्रलंबित असतानाच, जून १९३५ मध्ये, आंबेडकर मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. उच्च न्यायालयातील एका अपिलात पक्षकार असलेली व्यक्ती भावी वकिलांना घडवीत होती. पुढे १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय स्थापन झाले, आणि दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणांसाठी तेथील वर्ग सकाळी भरू लागले. हक्क मिळविणे आणि तो बजावण्यास समर्थ माणूस तयार करणे ही दोन्ही कामे त्यांनी एकच मानली.

राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास स्पष्ट मनाई आहे. महाडचा दावा जाणणाऱ्यास त्या यादीतील तलावाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. विधी महाविद्यालयांनी हा निकाल केवळ जयंतीच्या भाषणांपुरता न ठेवता पुराव्याच्या कायद्याच्या तासाला साद्यंत शिकवावा, अशी स्वागत समितीची सर्व प्रतिनिधींना विनंती आहे.