स्पॅनिश कधी सुटणार, एवढंच विचारतात



या शिक्षक संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान मला दिलात. माझ्याहून अधिकारी माणसं समोर बसली आहेत असं दर वर्षीचा अध्यक्ष म्हणतो. मीही म्हणते आणि पुढे जाते. मावळत्या अध्यक्षांनी या संमेलनाला वेळेची शिस्त लावली. ती आज माझ्याकडून मोडली जाण्याची शक्यता आहे.

कार्यवाहांनी विषय कळवला होता, 'अमेरिकेतलं स्पॅनिश-इंग्रजी बालशिक्षण: एक आढावा'. आपल्या मराठी शाळांना त्यातून काही घेता यावं हा हेतू. मी पुण्यात हौसेनं स्पॅनिश शिकले आणि पुढे ह्यूस्टनमध्ये त्याच भाषेवर पोट भरलं. मेक्सिको, होंडुरास, एल साल्वादोरहून आलेल्या घरांतली मुलं, बालवर्गापासून पाचवीपर्यंत. तेव्हा आढावा मागितलात हे ठीकच. घेते, थोडक्यात.

टेक्सासनं १९१८ साली कायदा करून शाळेत फक्त इंग्रजीतून शिकवायचं असं ठरवलं. मेक्सिकन मुलांच्या शाळा वेगळ्या, आणि त्यांत स्पॅनिश बोललं की शिक्षा. मार्फा गावातल्या ब्लॅकवेल शाळेत १९५४ साली मुलांकडून 'मिस्टर स्पॅनिश'ची अंत्ययात्रा काढवून घेतली. स्पॅनिश शब्द लिहिलेल्या चिठ्ठ्या पेटीत घातल्या आणि पेटी शाळेच्या आवारात पुरली. ती शाळा आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. लिंडन जॉन्सन तरुणपणी, १९२८ साली, टेक्सासातल्याच कोटुला गावी अशाच मुलांचे मास्तर होते, आणि मुलांनी मैदानातही इंग्रजीच बोलावं असा त्यांचा आग्रह असे. त्याच जॉन्सननी राष्ट्राध्यक्ष म्हणून १९६८ मध्ये द्विभाषिक शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. त्याआधी पाच वर्षं मायामीच्या कोरल वे शाळेत क्यूबाहून आलेल्या आणि इंग्रजी घरांतल्या मुलांना अर्धा दिवस एका भाषेत, अर्धा दिवस दुसऱ्या भाषेत शिकवायला सुरुवात झाली होती. तिकडे कॅलिफोर्नियानं १९९८ मध्ये मतदान घेऊन द्विभाषिक वर्ग जवळजवळ बंद पाडले आणि २०१६ मध्ये पुन्हा मतदान घेऊन ते उघडले. बाकीचा तपशील स्मरणिकेत आहे, सवडीनं वाचा.

मला जे बोलायचं आहे ते स्मरणिकेत नाही. शाळेच्या बैठकांत हा विषय काढला की 'वेळ कमी आहे' असं उत्तर मिळायचं. अध्यक्षाला असं कुणी म्हणू शकत नाही, म्हणून आज काढते.

टेक्सासचा नियम सांगते. एका शाळा-जिल्ह्यात एका इयत्तेत एकच घरभाषा असलेली, इंग्रजी कच्चं असलेली वीस मुलं असली, की द्विभाषिक वर्ग चालवावाच लागतो. उत्तम नियम आहे. पण या वर्गांचा एक प्रकार असा, की दोन ते पाच वर्षांत मुलानं इंग्रजीची परीक्षा पार करायची आणि त्या वर्गातून बाहेर पडायचं. स्पॅनिशमधून वाचायला शिकवायचं, ते इंग्रजी वाचता येईपर्यंत. राज्याची परीक्षा तिसरी ते पाचवी स्पॅनिशमधून देता येते. सहावीपासून ती सोयही संपते. वर्षाअखेरीस अहवालात आकडा जातो: इतकी मुलं बाहेर पडली. आकडा मोठा असला तर मुख्याध्यापकांना शाबासकी. त्या मुलांच्या स्पॅनिशचं पुढे काय झालं, याला अहवालात रकानाच नाही. मी इतकी वर्षं या खात्यात काढली. मला वरून एकच प्रश्न आला, अमक्याचं स्पॅनिश कधी सुटणार?

आणि ज्या शाळांत दोन्ही भाषा टिकवणारे वर्ग आहेत, तिथे प्रवेशासाठी इंग्रजी घरांतले आईबाप धडपडतात. त्यांचं मूल 'बुएनोस दीआस' म्हणालं की सभागृहात टाळ्या, आजी मोबाइलवर चित्रण करणार. तेच शब्द मारियाच्या किंवा होसेच्या तोंडून निघाले की कपाळाला आठ्या: अजून इंग्रजी येत नाही वाटतं! एकाच वर्गात, एकाच सतरंजीवर बसलेली ही दोन मुलं. एकाचं स्पॅनिश कमाई, दुसऱ्याचं स्पॅनिश आजार.

आता सकाळच्या परिसंवादातल्या तीन वादांकडे येते. पहिला वाद, स्पॅनिश आधी की इंग्रजी आधी? एका सहकाऱ्यांनी बरेच तक्ते दाखवले. मी तक्ता दाखवत नाही, एक वही दाखवते. पहिलीतल्या एका मुलीनं आई तमाल नावाचा पदार्थ करते असं इंग्रजीत लिहिलं होतं. 'माय'चं स्पेलिंग एम-ए-आय. 'मेक' म्हणजे एम-ई-आय-के. पुढे 'हाउस' आलं, ते जे-ए-यू-एस, कारण स्पॅनिशमध्ये जे या अक्षराचा उच्चार 'ह'च्या जवळ जातो. शेजारच्या वर्गातल्या बाईंनी ओळ न ओळ लाल केली होती. मी ती वही घेतली आणि स्पॅनिश अक्षरं वाचतात तशी मोठ्यानं वाचली. एकही उच्चार चुकला नव्हता. इंग्रजीचा धडा कुणी न देता तिनं इंग्रजी लिहिलं होतं, ते स्पॅनिशच्या जोरावर. स्पॅनिशमध्ये मा-मे-मि-मो-मु असं आपल्या बाराखडीसारखं घोकता येतं, स्वर पाच आणि ते बहुतेक इमानदार. नाताळच्या सुट्टीपर्यंत बालवर्गातलं मूल 'मेसा', 'सापो' वाचू लागतं. एकदा अक्षरातून अर्थ निघतो हे कळलं की ते पुन्हा शिकावं लागत नाही. इंग्रजीचं चमत्कारिक स्पेलिंग तेवढं पाठ करावं लागतं, आणि ते इंग्रज मुलालाही करावं लागतं. माझ्या दृष्टीनं हा वाद संपला.

ज्यांना तक्तेच हवेत त्यांच्यासाठी एक. स्टॅनफर्डच्या इलाना उमान्स्की आणि शॉन रिअर्डन यांनी २०१४ मध्ये एका मोठ्या शहरातल्या लॅटिनो मुलांचा माग काढला. दोन्ही भाषांत शिकणारी मुलं प्राथमिक शाळेत इंग्रजीची पायरी उशिरा ओलांडतात, पण हायस्कूल संपेपर्यंत त्यांच्यातली जास्त मुलं ती ओलांडतात. म्हणजे थोडा धीर धरायचा, एवढंच. पण अहवाल दर वर्षी जातो ना!

दुसरा वाद, भाषा वेगळ्या ठेवाव्यात की मिसळू द्याव्यात? इथे दोन्ही बाजूंनी आवाज चढले. मी ज्या एका शाळेत होते तिथे जेवणाआधी स्पॅनिश आणि जेवणानंतर इंग्रजी असा नियम होता, भिंतीवर रंगीत पाटी. एक मुलगा मैदानात पडला, मनगट धरून वर्गात आला आणि स्पॅनिशमध्ये सांगू लागला. वेळ इंग्रजीची. बाईंनी पाटीकडे बोट केलं. मुलगा गप्प जाऊन जागेवर बसला. तासानं मी आत गेले तेव्हा हात सुजून टम्म. नियम मीही पाळते, पण स्वतःच्या तोंडापुरता: स्पॅनिशच्या तासाला मी स्पॅनिशच बोलणार. मूल कोणत्या भाषेत उत्तर देतं, 'लोंचे' म्हणतं की 'त्रोका' म्हणतं, त्यावर मी पोलीस बसवत नाही. डबा आणि ट्रकसाठी टेक्सासात सगळे हेच शब्द बोलतात. स्पेनहून भरती होऊन आलेले काही तरुण शिक्षक ते ऐकून नाक मुरडतात. त्यांना मी सांगते, बाळांनो, हे मूल स्पॅनिश बोलतंय यावर आधी खूश व्हा.

तिसरा वाद, दोन भाषांनी मूल उशिरा बोलतं का? या वादावर मी वेळ घालवणार नाही. मुलाचे दोन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजा. ज्याला दुधाचा शब्द स्पॅनिशमध्ये येतो आणि बुटाचा इंग्रजीत, त्याला फक्त इंग्रजी चित्रं दाखवून अर्धं शहाणं ठरवणारे लोक मी पाहिले आहेत. ते आईच्या हातात चिठ्ठी देतात: घरी इंग्रजी बोला. आई दिवसभर दुसऱ्यांची घरं झाडते. तिचं इंग्रजी बादली, खिडकी आणि 'थँक यू' एवढं. ती निमूटपणे तेवढंच बोलू लागते.

माझ्याशी भांडणारे मित्र इथे रिचर्ड रॉड्रिगेझ यांचं पुस्तक पुढे करतात. 'हंगर ऑफ मेमरी', १९८२. मेक्सिकन आईबापांचा, सॅक्रामेंटोत वाढलेला मुलगा. शाळेतल्या नन घरी आल्या, घरी इंग्रजी बोला म्हणाल्या. आईबापांनी ऐकलं आणि घर हळूहळू शांत होत गेलं. लेखक म्हणतो, किंमत मोठी होती, पण त्याशिवाय बाहेरच्या जगात मला आवाज मिळाला नसता. फार सुंदर लिहिलेलं पुस्तक आहे, आणि मला ते पटत नाही. ती किंमत मागायचा अधिकार शाळेला कुणी दिला? इंग्रजी तर त्या मुलाला शाळेत, रस्त्यावर, टीव्हीवर मिळणारच होतं. टेक्सासात इंग्रजी न शिकता मोठं झालेलं मूल मला दाखवा. स्पॅनिश हरवलेली मी हवी तेवढी दाखवते.

एकाविषयी सांगते. माझ्या वर्गातला हुशार मुलगा, दुसरीत 'बाहेर पडला'. त्या वर्षीच्या आकड्यात तोही होता. पुढे तो सातवीत असताना त्याची आई धाकट्या मुलीचं नाव घालायला शाळेत आली, तोही बरोबर. अर्जाबरोबर घरभाषेचा कागद भरावा लागतो. घरात बहुतेक वेळा कोणती भाषा बोलतात, आणि मूल बहुतेक वेळा कोणती बोलतं, असे तेव्हा दोन प्रश्न असत. पहिल्यापुढे तिनं लिहिलं. दुसऱ्यापाशी पेन थांबलं. मला विचारते, माएस्त्रा, इथे इंग्रजी लिहिलं तर हिचं लवकर सुटेल का? मी म्हटलं, सुटायची घाई कशाला? ती मुलाकडे बघून म्हणाली, याची आजी फोन करते; हा 'सी, आबुएला' म्हणतो, 'नो, आबुएला' म्हणतो आणि फोन माझ्याकडे देतो. मुलगा मान खाली घालून बुटाची नाडी बांधत होता. नाडी सुटलेली नव्हती.

तिनं दुसऱ्या प्रश्नापुढे काय लिहिलं ते मी पाहिलं आहे, पण सांगणार नाही.

आता आपल्याविषयी, कारण समोर मराठी माणसं बसली आहेत. मुलीला स्पॅनिशच्या द्विभाषिक वर्गात घालायला पहाटे उठून रांग लावणारे मराठी आईबाप मी ओळखते. दोन भाषांनी मेंदू तल्लख होतो असं त्यांनी वाचलेलं असतं. तेच मला फोन करतात: ताई, स्पॅनिश सुरू केलंय, आता मराठी जरा थांबवू का, तिला जड होईल. मी विचारते, घरी काय बोलता? थोडं थांबून उत्तर येतं, तसं इंग्रजीच. म्हणजे थांबवायला मराठी उरलीय कुठे? होसेच्या आईला निदान कुणीतरी चिठ्ठी दिली होती. आपल्याला कुणी दिली नाही. आपण स्वतःच लिहून स्वतःच खिशात घातली. याचा कुणाला राग आला असेल तर जेवणाच्या सुट्टीत मला गाठा. मी वरणभाताच्या टेबलाशी आहे.

कार्यवाह घड्याळ दाखवत आहेत, तेव्हा पुढच्या कामाबद्दल दोन शब्द. सहावीच्या पुढच्या मुलांना हाती घ्यावीशी वाटतील अशी स्पॅनिश पुस्तकं शाळांत नाहीत. काहीतरी केलं पाहिजे. 'घरी इंग्रजी बोला' या चिठ्ठीला उत्तर म्हणून आईबापांच्या हाती देता येईल असं एक पान तयार व्हावं, तीनचार भाषांत. कुणी तरुणांनी मनावर घ्यावं. समिती नेमायची तर नेमा, मला मात्र त्यात घेऊ नका, माझ्या समित्या पुरे झाल्या. अहवालाचा रकाना तेवढा माझ्याकडे ठेवते. पाचवी संपताना मुलाला घरची भाषा वाचता येते का, लिहिता येते का, एवढं विचारणारा. मसुदा पिशवीत आहे, सह्यांचा कागदही आहे. तो मी आता पहिल्या रांगेतून फिरायला देते. पेन आपापलं वापरा, आणि कागद शेवटच्या रांगेतून परत माझ्याकडे येऊ द्या.