फॉर्म भरतो मुलगा, कूस बदलते सून

1980च्या दशकात कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात लिंडा क्रिस्टजनसन या परिचारिका-संशोधक कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटच्या घरच्यांना विचारत होत्या, की चांगली सेवा तुम्ही कशाला म्हणाल? डॉक्टरांचं मत तोवर बरंच लिहून झालं होतं. पलंगाशेजारच्या स्टुलावर बसलेल्या माणसाचं मत मात्र क्वचितच कोणी टिपलं होतं. त्या उत्तरांतून क्रिस्टजनसन यांनी 20 प्रश्नांची एक मोजपट्टी बांधली. 1993 साली ती प्रसिद्ध झाली आणि ‘फॅमकेअर’ या नावानं पुढे अनेक देशांत वापरली गेली.

प्रश्न साधे आहेत. दुखणं किती थांबलं? त्रास सांगितल्यावर किती लवकर कोणी बघितलं? डॉक्टर घरच्यांना भेटतात का, नर्स वेळेला सापडते का? गरज पडली तेव्हा हॉस्पिटलात खाट मिळाली का? निर्णय घेताना घरच्यांना धरून घेतलं का? प्रत्येक प्रश्नापुढे ‘खूप समाधानी’पासून ‘खूप असमाधानी’पर्यंत पाच घरं. 2010 साली ऑस्ट्रेलियात समर आऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पट्टी नव्यानं बेतली; क्रिस्टजनसन त्यातही होत्या. आता प्रश्न 17 उरले. पण पेशंटचा मान राखला गेला का, अंघोळ घालायला किंवा घरच्यांना थोडा विसावा द्यायला कोणाची मदत झाली का, घरच्यांना कोणी धीर दिला का, हे त्यात आलं.

घरच्यांनाच का विचारायचं? पेशंटला का नाही? उत्तर उघड आहे. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेला माणूस आठवड्यानं घरी येतो आणि हॉस्पिटल कसं होतं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना सविस्तर ऐकवतो. उपशामक सेवेत, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास हलका करणाऱ्या सेवेत, ज्याच्यासाठी सगळं चाललंय, तो शेवटच्या दिवसांत बोलण्याच्या स्थितीत नसतो आणि नंतर तर नसतोच. लंडनला ॲन कार्टराइट यांनी हे फार आधी ओळखलं होतं. 1969 सालातल्या 785 मृत्यूंची माहिती त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मागे राहिलेल्या माणसांना विचारून गोळा केली. 1973 साली त्याचं पुस्तक झालं. दुसरं कारण असं, की या सेवेत घरचे लोक नुसते साक्षीदार नसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002च्या व्याख्येत पेशंटच्या बरोबरीनं त्याच्या कुटुंबाचं जगणं सुसह्य करणं हाही या सेवेचा भाग धरला आहे. म्हणजे कुटुंब एकाच वेळी सेवा देतंही आणि घेतंही. अशा माणसाकडून गुणपत्रिका भरून घेणं दिसतं तितकं सोपं नाही.

पहिली अडचण म्हणजे सगळेच चांगले गुण देतात. जगभर हीच तक्रार आहे. उत्तरं ‘समाधानी’ आणि ‘खूप समाधानी’ या दोन घरांत गर्दी करतात आणि चांगला वॉर्ड आणि जेमतेम वॉर्ड वेगळा काढता येत नाही. असं का होतं, याचा शोध ब्रिटनमध्ये ब्रायन विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी 1998 साली घेतला. त्यांनी मानसोपचार घेणाऱ्या लोकांशी निवांत बोलून बघितलं. फॉर्मवर ‘समाधानी’ लिहिणारी माणसंच गप्पांत वाईट अनुभव सांगत होती. मग गुण चांगले का दिले? कारण गुण देण्याआधी माणूस मनातल्या मनात दोन चौकश्या करतो: हे त्यांचं कामच होतं का, आणि झालं त्यात त्यांचा दोष होता का? दोन्हीपैकी एकाचं जरी उत्तर ‘नाही’ आलं, तरी वाईट अनुभव गुणांपर्यंत पोचत नाही.

हे आपल्याकडच्या कोणालाही नव्यानं समजावून सांगावं लागणार नाही. ‘एका सिस्टरच्या हाताखाली एवढे पेशंट, ती तरी कुठेकुठे बघणार?’ हे वाक्य प्रत्येक सरकारी वॉर्डाबाहेरच्या बाकावर रोज बोललं जातं. आपल्याकडे त्यात आणखी एक गोष्ट मिसळते, कृतज्ञता. 1986 साली वांद्र्याला सुरू झालेलं शांती आवेदना सदन हे देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेणारी जागा. पुण्यात वारज्याला 1997पासून सिप्लाचं उपशामक सेवा केंद्र आहे. दोन्हीकडे पैसे घेत नाहीत. जिथे दुसरीकडे ‘आता घरी न्या, सेवा करा’ असं सांगून हात झटकले, तिथून येऊन एखाद्याला स्वच्छ चादर, वेळेवर मॉर्फिन आणि आपल्याशी खाली बसून बोलणारा डॉक्टर मिळाला, तर तो त्या डॉक्टरला देवमाणूस म्हणणार. फॉर्ममध्ये देवमाणसाला पाचपैकी तीन कसे देणार? अशी कृतज्ञता खोटी नसते. ती आदल्या हॉस्पिटलशी केलेली तुलना असते, आणि फॉर्म त्या आदल्या हॉस्पिटलबद्दल काही विचारत नाही.

अपेक्षाच कमी असल्या की समाधान स्वस्तात मिळतं. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटनं 2010 साली शेवटच्या काळातल्या सेवेनुसार 40 देशांची क्रमवारी लावली. ब्रिटन पहिला, भारत चाळिसावा. 2015 साली 80 देशांत आपण 67वे होतो. अमली पदार्थांविषयीच्या 1985च्या कायद्यानं मॉर्फिन मिळणं इतकं अवघड करून ठेवलं होतं, की ते सोपं करायला 2014 साली दुरुस्ती करावी लागली. ज्यांनी कधी मॉर्फिनचा परिणाम बघितलेलाच नाही, त्यांना ‘वेदना कमी करण्याच्या प्रयत्नांबद्दल समाधानी आहात का’ असं विचारलं, तर ते कशाशी तुलना करणार?

दुसरी अडचण अधिक घरगुती आहे, आणि म्हणूनच तिच्याकडे कमी लक्ष जातं. फॉर्म कोण भरतं?

परदेशी प्रश्नावली गृहीत धरते, की काळजी घेणारी एक व्यक्ती असते, बहुतेक वेळा नवरा किंवा बायको, आणि तीच उत्तरं देते. महाराष्ट्रातल्या घरात हे काम वाटलेलं असतं. डॉक्टरांशी बोलायचं, रिपोर्ट घेऊन धावायचं, बिल भरायचं, संमतीपत्रावर सही करायची, ही मुलाची किंवा जावयाची कामं. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून बघायचं, नाकातल्या नळीतून पातळ पेज सोडायची, लघवीची पिशवी रिकामी करायची, ही सुनेची, बायकोची, लग्न न झालेल्या मुलीची. मुंबईत टाटा हॉस्पिटलला विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी राहून उपचार घेणाऱ्या कुटुंबांत तर कोणी सोबत यायचं आणि कोणी शेतावर थांबायचं, हेही ठरवावं लागतं. मग समाधानाचा फॉर्म कोणापुढे येतो? रिसेप्शनजवळ जो उभा असेल त्याच्यापुढे. ‘डॉक्टर घरच्यांना भेटतात का’ याचं त्याचं उत्तर हमखास ‘हो’ असणार, कारण डॉक्टर त्यालाच भेटलेले असतात. दुखणं रात्री दोनला वाढतं की चारला, हे त्याला कोणी सांगितलं तर माहीत.

‘आजाराची पुढची वाट कशी असेल, हे समजावून सांगितलं का’ हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा. ‘बाबांना काही सांगू नका’ असं डॉक्टरांना बजावणारी कुटुंबं आपल्याकडे घरोघर आहेत. डॉक्टरनं त्यांचं ऐकलं तर कुटुंब खूश, पण बाबांना आपल्या आजाराचं नावही कळत नाही. नाही ऐकलं तर गुण कापले जातील. कुटुंबाचं समाधान आणि पेशंटचा हक्क इथे एकमेकांसमोर उभे राहतात, आणि मोजपट्टी कुटुंबाच्या हातात असते.

म्हणून मोजणंच सोडून द्यावं का? अजिबात नाही. नीट मोजलं तर किती उपयोग होतो, याचं चांगलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. जोन टेनो आणि सहकाऱ्यांनी 2000 साली वारलेल्या लोकांच्या 1578 नातेवाइकांना विचारलं आणि 2004 साली ते प्रसिद्ध केलं. घरीच हॉस्पिसची सेवा मिळालेल्यांपैकी 70 टक्क्यांहून जास्त कुटुंबांनी तिला उत्कृष्ट म्हटलं. हॉस्पिटल, नर्सिंग होम किंवा घरी येणाऱ्या साध्या नर्सिंग सेवेबाबत हे प्रमाण निम्म्याच्याही खाली होतं. पण त्यांनी नुसते गुण मागितले नाहीत. दुखणं किंवा धाप होती का, तिच्यावर पुरेसे उपचार झाले का, हेही विचारलं. आणि असा त्रास असलेल्या सुमारे चौथ्या हिश्श्याला पुरेसे उपचार मिळाले नव्हते, हे त्याच अभ्यासात पुढे आलं.

टोरंटोचा अनुभव याहून बोलका आहे. तिथे कॅमिला झिमरमन यांच्या गटानं एक मोठी चाचणी केली. बळावलेल्या कॅन्सरच्या काही पेशंटना लवकरच उपशामक सेवा जोडून दिली, काहींना नेहमीचेच उपचार. पेशंटचे निष्कर्ष 2014 साली आले. 2017 साली त्यांची काळजी घेणाऱ्या 182 जणांचे आले: लवकर सेवा मिळालेल्या गटातले नातेवाईक सेवेबद्दल स्पष्टपणे जास्त समाधानी होते, पण त्यांच्या स्वतःच्या जगण्याच्या गुणवत्तेत म्हणावा असा फरक पडला नव्हता. सेवा चांगली झाली हे खरं, आणि घरच्याचं जगणं तसंच राहिलं हेही खरं. पहिल्याच आकड्यावर थांबलेल्या संस्थेला दुसरा कधी दिसणारच नाही.

इंग्लंडनं 2011 ते 2015 दरवर्षी सबंध देशात मृतांच्या नातेवाइकांचं सर्वेक्षण केलं. 2015 साली 75 टक्के लोकांनी एकूण सेवेला चांगली किंवा त्याहून वरची म्हटलं, 10 टक्क्यांनी वाईट. बातम्यांत हेच आकडे आले. पण त्या प्रश्नावलीचं खरं मोल खालच्या ओळींत होतं, कारण ती ठिकाणानुसार विचारत होती: घरी असताना दुखणं किती आटोक्यात होतं, हॉस्पिटलात किती, हॉस्पिसमध्ये किती? पूर्ण वेळ पूर्ण आराम पडल्याचं सांगणारे हॉस्पिसबाबत सर्वांत जास्त होते आणि घराबाबत सर्वांत कमी. ज्या घरी मरण यावं असं बहुतेकांना वाटतं, तिथेच दुखणं सर्वांत कमी आवरलं जात होतं. ‘समाधानी आहात का’ एवढंच विचारून हे कधी कळलं नसतं.

याच इंग्लंडात त्याच वर्षांत लिव्हरपूल केअर पाथवे हा प्रकार गाजला. हॉस्पिसमधली चांगली पद्धत सर्वसाधारण वॉर्डांत नेण्यासाठी 1990च्या दशकात बनवलेली ती कार्यपद्धती होती. मग कुटुंबांच्या तक्रारी येऊ लागल्या: आम्हाला न सांगता आमच्या माणसाला या पद्धतीवर टाकलं, पाणी मागणाऱ्या माणसाला पाणी देऊ दिलं नाही. ज्युलिया न्यूबर्गर यांच्या समितीनं 2013 साली या तक्रारी खऱ्या धरल्या आणि 2014 साली ती पद्धत बंद झाली. शेवटच्या घोटाचं महत्त्व मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. ती पद्धत बदलली ती कुठल्या सरासरीमुळे नव्हे. ‘आईनं पाणी मागितलं आणि’ अशा शब्दांत सुरू होणाऱ्या पत्रांमुळे बदलली.

जपाननं आणखी एक गोष्ट केली. आपल्या लोकांना चांगलं मरण म्हणजे काय वाटतं, हे आधी विचारलं आणि मग मोजपट्टी बनवली. मित्सुनोरी मियाशिता आणि सहकाऱ्यांच्या त्या पट्टीत दुसऱ्यांवर भार न होणं आहे आणि आवडत्या जागी असणंही. मृत्यू जवळ आल्याची जाणीव न होता दिवस जाणं, हेही आहे. पाश्चात्त्य प्रश्नावलीत ते शोधूनही सापडणार नाही. मराठी पट्टी करायची तर ‘बाबांना सांगू नका’ म्हणणाऱ्या घरांकडून सुरुवात करावी लागेल. आधी त्यांचं ऐकून घ्यावं, बरोबर-चूक नंतर ठरवावं.

विचारायचं केव्हा, यावरही मतभेद आहेत. अमेरिकेतली हॉस्पिसची सरकारी प्रश्नावली मृत्यूनंतर दोन-तीन महिन्यांनी जाते, इंग्लंडची चार ते अकरा महिन्यांनी जायची. आपल्याकडे तेराव्याच्या गर्दीत नको आणि वर्षश्राद्धापर्यंत थांबूही नये. दोन-तीन महिन्यांचा काळ बरा. फोन करणारी व्यक्ती त्या वॉर्डातली नसावी, नाहीतर पुन्हा देवमाणूसच ऐकायला मिळेल. समाधानाबद्दल शेवटी विचारावं. आधी विचारावं, की शेवटच्या आठवड्यात रात्री त्रास झाला तेव्हा फोन कोणाला केला, तो उचलला का, औषध घरात होतं का, पाठीला जखम झाली होती का, ड्रेसिंग कोणी शिकवलं? फोन बहुधा मुलाच्या नंबरावरच लागेल. त्याला दोन शब्द बोलू द्यावेत, रात्री जवळ कोण झोपायचं ते विचारावं, आणि फोन तिच्याकडे द्यायला सांगावं.