उजेड घेताना

अंबडला मत्स्योदरी देवीच्या नवरात्र यात्रेत आमच्या गटाने पिठलं-भाकरीचा स्टॉल लावला. त्यासाठी मेटल हॅलाइड दिवा भाड्याने आणला. उजेड लख्ख! शहरात काचेच्या टाकीत प्रवाळ जगवायलाही असेच दिवे वापरत. पण वीज क्षणभर गेली, आली, तरी दिवा कितीतरी मिनिटं पेटेना. तापलेला बल्ब निवल्याशिवाय लागत नाही. तोवर गिऱ्हाईक निघून गेलं.

म्हणून सांगतो, चोक बल्बच्या वॅटचाच घ्या. पुढची काच फुटली असेल तर दिवा लावू नका, अतिनील किरणांनी डोळे आणि कातडी भाजते. मंडपाच्या कापडापासून लांब, पक्का टांगा. जोडणी आणि अर्थिंग वायरमनकडूनच करून घ्या. जवळ बॅटरीचा एक दिवा ठेवाच. कमाई पुन्हा होईल, जीव नाही.