थंडी, मधुमेह आणि आपले घर
(वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



नांदेड-लातूरकडे दुपारी ऊन असले तरी डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलीच हुडहुडी भरते. ही थंडी मधुमेही माणसाच्या शरीराला कशी सोसावी लागते, हे आज थोडक्यात सांगणार आहे.

गारठा लागताच निरोगी शरीर तीन उपाय करते. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसून उष्णता आत राखतात. स्नायू थरथरून ऊब निर्माण करतात. मूत्रपिंडांवरच्या लहान ग्रंथींतून अॅड्रिनॅलीन सुटते आणि यकृत आपल्या साठ्यातील साखर रक्तात सोडते. संकटकाळी शरीर असे सज्ज होते, हे वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले.

मधुमेहात ही व्यवस्था बिघडते. सुटलेली साखर खर्ची घालण्यास इन्शुलिन अपुरे पडते, म्हणून रक्तातील साखर वाढू शकते. रोग जुना झाला की ज्ञानतंतू निकामी होऊ लागतात. रक्तवाहिन्यांना आकसण्याचा हुकूम नीट पोचत नाही आणि पायांना थंड-गरम कळेनासे होते. उलट, औषधाने साखर फार उतरली तर थरथरणेच थांबते व शरीर गार पडते. म्हणून घरातील वडीलधारे “मला थंडी वाजतच नाही” म्हणाले, तर ती ताकद समजू नका. तो ज्ञानतंतूंचा मुकेपणाही असू शकतो.

अशा पायांना शेगडीचा चटका किंवा कढत पाणी कळत नाही. फोड येतो, चिघळतो आणि प्रसंगी पाय कापावा लागतो. तेव्हा पहाटेच्या वुजूचे पाणी कोमट असावे व ते घरातील निरोगी माणसाने हात घालून पाहावे. वुजूनंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, तळवे निरखावेत. पाय शेकण्याऐवजी सैल मोजे घालावेत.

रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस आधी येतो. २०३० साली तो जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर सुरू होण्याचा अंदाज आहे. थंडी आणि उपवास एकत्र येतील. इन्शुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी रमजानपूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. घाम, गोंधळ, चक्कर अशी लक्षणे दिसताच साखर तपासावी. ती उतरली असेल तर रोजा सोडून लगेच साखर द्यावी. शरिअतने आजारी माणसाला सवलत दिली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

विद्यार्थी मित्रांनो, शरीरशास्त्राचा धडा परीक्षेपुरता नसतो. आज घरी गेल्यावर दादा-दादींचे, नाना-नानींचे पाय उजेडात पाहा. जखम दिसली तर दुखत नाही म्हणून थांबू नका. लगेच दवाखान्यात न्या. वडीलधाऱ्यांची खिदमत म्हणतात ती हीच.

खुदा हाफिज!