दारातला तलाव आणि दारातली नदी





आमचं रहिमतपूर हे नाटककार वसंत कानेटकरांचं जन्मगाव. त्यामुळे नाटकाचं संमेलन इथं शोभलं असतं. पण निसर्गचित्रकारांचं? ‘स्वागताध्यक्ष, गावात रंगवण्यासारखं आहे तरी काय?’ असं मला तीन जणांनी विचारलं. तिघंही इथलेच.

त्यांना मी चित्रकार आबालाल रहिमान यांचं नाव सांगतो. रहिमतपूर आणि रहिमान हा निव्वळ योगायोग, ते कोल्हापूरचे. मात्र आपल्या स्टेशनावरून मिरजेकडे जाणारी गाडी पुढे त्यांच्याच गावी पोचते. घरात कुराणाच्या हस्तलिखित प्रती करण्याची परंपरा, म्हणजे हाताला वळण जन्माचंच. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, नाव कमावलं. मुंबईत राहून साहेबांची व्यक्तिचित्रं करत चार पैसे जोडता आले असते. पण गडी कोल्हापूरला परतला. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला, तरी वस्ती कोटितीर्थ तलावाच्या काठीच. कोटितीर्थ, रंकाळा, संध्यामठ, पंचगंगेचा घाट: रोज पायाखालची ठिकाणं. तेच पाणी पहाटे वेगळं, दुपारी वेगळं, दिवेलागणीला त्याहून वेगळं. पाण्यावरचा उजेड ते सुट्या, तुटक फटकाऱ्यांनी बांधत. पॅरिसच्या इंप्रेशनिस्ट चित्रकारांची ही रीत तिकडे न जाता त्यांना उमगली, याचं मला आजही नवल वाटतं. पुढे चित्रकार बाबूराव पेंटरांसारख्यांनी त्यांना गुरुस्थानी मानलं.

1922 मध्ये महाराज गेले आणि आधार तुटला. रंग विकत घेण्याची ऐपत उरली नाही तेव्हा दगड, पाला कुटून ते रंग करत, असं सांगतात. हजारो चित्रं कोटितीर्थात बुडवली, असंही सांगतात. 1931 मध्ये ते वारले. चित्रं बुडवल्याचा हा किस्सा तिखटमीठ लावून सांगणारे मला शेकड्यांनी भेटले. कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये जाऊन त्यांची चित्रं बघितलेले मात्र बोटांवर मोजण्याइतके. कलावंताच्या हालांचं आपल्याला भारी कौतुक!

आमच्याकडे रंकाळा नाही. कमंडलू नदी आहे, उन्हाळ्यात रोडावलेली. आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाची कबर आहे, मशीद आहे आणि जवळच हत्तीच्या मोटेचा सुमारे पन्नास फुटी बुरूज. त्याच्या उतारावरून हत्ती मोट ओढायचा आणि मशिदीच्या कारंज्याला पाणी जायचं. त्या बुरुजावर संध्याकाळचं ऊन कसं उतरतं, हे या गावात जन्म काढूनही मी कधी उभं राहून पाहिलं नव्हतं. या संमेलनाच्या धावपळीत परवा पहिल्यांदा पाहिलं.

शेजारच्या औंधला राजा स्वतः कुंचला धरायचा. बाळासाहेब पंतप्रतिनिधींचं भवानी संग्रहालय परतताना जरूर पाहा. आमच्याकडे मात्र पोरं चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसतात ती दहावीच्या वाढीव मार्कांसाठी. मार्क मिळाले की रंगपेटी माळ्यावर.

म्हणून एकच विनंती. उद्या सकाळी सहाला सगळ्या चित्रकारांनी नदीकाठी यावं. चहा-पोह्यांची सोय केली आहे. शाळेची पोरं तुमच्या मागं उभी राहतील, प्रश्न विचारतील. त्यांना हाकलू नका. आणि जाताना एक चित्र, कच्चं असलं तरी चालेल, शाळेच्या भिंतीसाठी ठेवून जा. खिळे आम्ही ठोकून ठेवले आहेत.