मेमरी भरलेली असणं हा आजार नव्हे

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जेवणाआधीची पंधरा मिनिटं आणि विषय संगणकाचा, म्हणजे तुमच्या संयमाची परीक्षाच आहे. पण उद्याच्या बैठकीत शाळेच्या संगणक खोलीसाठी जमवलेल्या निधीचं काय करायचं ते ठरणार आहे. आपल्या ग्रुपवर तिथल्या एका पडद्याचा फोटो फिरला. एकूण मेमरी ४ जीबी, आणि ‘फ्री’ या शब्दाखाली जेमतेम दीडशे एमबी. खाली लगेच प्रतिक्रिया आल्या : ‘मेमरी संपली, मशिनं भंगारात काढा.’ मी इतकी वर्षं हेच काम करतो म्हणून संयोजकांनी मला उभं केलं आहे.

तो आकडा बघून काहीही ठरवता येत नाही, एवढंच मला सांगायचं आहे. का, ते स्वयंपाकघरातून सांगतो.

मेमरी म्हणजे ओटा आणि डिस्क म्हणजे कोठीची खोली. काम ओट्यावरच होतं. सकाळी आमटीसाठी कोठीतून तूरडाळ वाटीत काढून आणली. ओट्यावर जागा असेल तर उरलेली डाळ कोणी लगेच आत नेऊन ठेवत नाही. संध्याकाळी पुन्हा लागेल म्हणून ती तिथेच राहते. संगणकही हेच करतो. एकदा डिस्कवरून वाचलेली फाईल तो मेमरीत राहू देतो, म्हणजे पुन्हा मागितली की लगेच हाताशी. याला ‘कॅश’ म्हणतात. रिकामा ओटा दिसायला छान, पण त्याचा उपयोग शून्य. म्हणून संगणक रिकामी जागा कॅशने भरत जातो आणि ‘फ्री’चा आकडा लहान होत जातो.

नवा प्रोग्रॅम उघडला, जागा लागली, तर ही कॅश क्षणात सोडता येते. वाटीतली डाळ परत डब्यात ओतली, नुकसान काही नाही, कारण मूळ प्रत डिस्कवर आहेच. फक्त ज्या फाईलमध्ये बदल झाला आहे आणि तो अजून डिस्कवर उतरलेला नाही, ती आधी लिहावी लागते. पेनड्राइव्ह काढण्याआधी ‘इजेक्ट’ करा असं बाई मुलांना बजावतात ते यासाठीच.

लिनक्समध्ये ‘फ्री’ या आज्ञेच्या उत्तरात आणखी एक रकाना असतो : ‘अव्हेलेबल’. सोडता येण्याजोगी कॅश धरून खरी किती जागा मिळू शकेल, याचा तो अंदाज. २०१४ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच हा हिशेब घातला गेला. आपल्या फोटोत तो रकाना कापला गेला होता.

आता दुसरी गोष्ट. ओट्यावर मळलेली कणीक आहे. ती कोठीत कुठेच नाही. इथेच तयार झाली. जागा कमी पडली तर ती टाकून देता येत नाही, झाकून फ्रीजमध्ये ठेवावी लागते. तुम्ही टाईप करत असलेलं पत्र, ब्राउझरमध्ये उघडलेली पानं ही अशी कणीक. तिच्यासाठी डिस्कवर राखून ठेवलेली जागा म्हणजे ‘स्वॅप’. बराच वेळ ज्याला हात लागलेला नाही असा भाग संगणक तिकडे हलवतो आणि लागला की परत आणतो. हे काम तो बहुतेक ठिकाणी ४ केबीच्या तुकड्यांत करतो. त्या तुकड्याला ‘पेज’ म्हणतात.

ही युक्ती आपल्या वयाहून जुनी आहे. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकाची मेमरी २,०४८ शब्दांची होती, एक शब्द ४० बिटांचा. आजच्या भाषेत सगळी मिळून १० केबी! एवढ्यात काम बसवण्याची जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची. त्याच सुमारास, १९६२ मध्ये, मँचेस्टरला ‘ॲटलस’ सुरू झाला. त्याने छोटी वेगवान मेमरी आणि मोठं संथ चुंबकीय ड्रम ही दोन्ही मिळून एकच मोठी मेमरी असल्याचा भास निर्माण केला, आणि ने-आण स्वतःकडे घेतली. आज तुमच्या खिशातला फोनही त्याच कल्पनेवर चालतो.

मग बिघडतं कुठे? वेगात. मेमरीतून काही उचलायला १ सेकंद लागतो असं धरा. त्या मापाने जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून तेच आणायला एक दिवसाहून जास्त लागतो. एसएसडीवरून साधारण पाव तास. अधूनमधून एखादी खेप झाली तर कळतही नाही. पण चालू कामालाच लागणारी पानं मेमरीत मावेनाशी झाली, की एक आणायला दुसरं बाहेर काढायचं, आणि लगेच ते दुसरंच हवं. प्रोसेसर बसून राहतो, डिस्क घरघरत राहते. याला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये याची नीट मांडणी केली.

थ्रॅशिंग हळूहळू वाढत नाही, ते एका मर्यादेनंतर कोसळतं. हे सांताक्रूझकरांना समजावायला नको. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी होती. तेवढ्यात मिलन सबवेतून गाड्या जातात. २६ जुलै २००५ ला आपल्या सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तेव्हा काय झालं ते आपण सगळे जाणतो. वाहतूक नुसती मंदावली नाही, थांबली.

आता आपल्या खोलीबद्दल. बाईंच्या परवानगीने मी तिथे दोन दुपारी बसलो. ‘व्हीएमस्टॅट’ ही आज्ञा दर सेकंदाला स्वॅपची ये-जा दाखवते. ‘एसआय’ म्हणजे आत आलेलं, ‘एसओ’ म्हणजे बाहेर गेलेलं. मुलं फक्त टायपिंग किंवा स्क्रॅच करत होती तेव्हा दोन्ही रकाने शून्य, मशिनं उत्तम. ब्राउझरमध्ये सात-आठ पानं उघडली आणि सोबत प्रेझेंटेशन सुरू केलं, की दोन्ही रकाने सतत हलत राहिले आणि माऊस अडकला. पस्तीस मिनिटांच्या तासातली पहिली दहा मिनिटं यात जातात. एका मशिनवर दोन मुलं. ज्याची पाळी दुसरी, त्याच्या वाट्याला काही उरत नाही. निधी खर्च करायचा तो या मुलासाठी.

त्यासाठी मशिनं भंगारात काढायची गरज नाही. माझा प्रस्ताव असा : प्रत्येक मशिनमध्ये मेमरी ४ ची ८ जीबी करावी आणि फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी. मेमरीमुळे स्वॅपची वेळ क्वचित येईल, आणि आली तरी एसएसडीमुळे मुलं खोळंबणार नाहीत. आधी दोन मशिनांवर करून बघू, तोच धडा, तीच मुलं, तेच रकाने. फरक पडला नाही तर नव्या मशिनांच्या बाजूने मीच हात वर करीन. पडला तर उरलेल्या पैशांत आणखी मशिनं घेऊ, म्हणजे दुसऱ्या मुलालाही स्वतःचं मिळेल. ग्रुपवर कोणीतरी ‘स्वॅपच बंद करा’ असं सुचवलं. तसं करू नये. मग कणीक हलवायला जागाच राहत नाही, सगळा ताण कॅशवर येतो, आणि शेवटी संगणक एखादा प्रोग्रॅम मारूनच जागा करतो. बहुधा ज्यात मुलाचं काम आहे तोच.

जाता जाता फोनबद्दल, कारण सकाळपासून सहा जणांनी विचारलं आहे. मेमरी ‘साफ’ करणारी ॲप काढून टाका. ती ओट्यावरचं सगळं आत नेऊन ठेवतात, आणि पुढच्या मिनिटाला तुम्ही तेच परत मागता. वेळही जातो, बॅटरीही. जागा लागली की अँड्रॉइड स्वतःच जुनी ॲप बंद करतो. मात्र फोटोंनी भरलेलं स्टोरेज ही निराळी गोष्ट आहे. ते खरंच भरतं. तिथे सकाळच्या ‘शुभ प्रभात’चे फोटो पुसायला माझी हरकत नाही.

उद्या अकराला संगणक खोलीत या. दोन मशिनं चालू ठेवायला बाईंनी होकार दिला आहे. रकाने स्वतः बघा आणि मग मत द्या.