बार्बीची नऊवारी

१९५९ साली अमेरिकेत आलेली बार्बी साडेअकरा इंचांची, म्हणजे माणसाच्या साधारण एक षष्ठांश. म्हणून तिची नऊवारी दीड वाराची, पन्हा साडेसात इंच. काठ बारीक हवा, नाहीतर बाहुली साडीत हरवते. चोळीला गुळेदगुड्डचा खण. हात वाकत नाहीत, म्हणून चोळी मागून उघडी ठेवून टिचबटण लावावे.

आपले कानडी शेजारी नवरात्रात ‘पट्टद गोंबे’ ही राजाराणीची जोडी सजवतात, आपण गौरी सजवतो, हौस तीच.

आईच्या विरलेल्या इरकलीला कात्री लावताना माझा हात थरथरला. पण बंगळूरात वाढलेली लेक ‘इरकल’, ‘काष्टा’, ‘पन्हा’ हे शब्द त्या दीड वारातच शिकली. पेटीत ठेवून ते जमले नसते.